घोड्याचा दम कसा मोजावा: पट्टा, घड्याळ आणि वही

तबेल्यात निवांत उभ्या असलेल्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, घोड्याचं हृदय मिनिटाला ३० ते ४० वेळा पडतं. तोच घोडा चौखूर सुटला की ठोके २२०च्या आसपास जातात, आणि त्यासाठी त्याला अर्धं मिनिटही पुरतं. माणसाचं हृदय जोर लावून तिपटीपर्यंत जातं, घोड्याचं सहा-सातपट. त्यातच घोड्याची प्लीहा लाल पेशींचा मोठा साठा राखून असते आणि धावायला लागताच तो रक्तात सोडते. एवढी ताकद हाताशी असलेला प्राणी थकत आला तरी बराच वेळ थकल्यासारखा दिसत नाही. नाकपुड्या फुगल्या, पाऊल जड पडायला लागलं, हे स्वाराच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून ठोके मोजायचे.

पुण्या-मुंबईच्या रायडिंग क्लबांत उड्या मारणारे बरेच घोडे एकेकाळी रेसकोर्सवर धावलेले थरोब्रेड असतात. काही ठिकाणी मारवाडी आणि काठेवाडी घोडे एन्ड्युरन्ससाठी, म्हणजे लांब पल्ल्याच्या स्पर्धांसाठी, तयार केले जातात. पुढचं सगळं या दोन्ही प्रकारच्या घोड्यांना धरून लिहिलं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की असू द्या: आकड्याला अर्थ येतो तो त्याच घोड्याच्या मागच्या आकड्यांशेजारी ठेवल्यावर. शेजारच्या ठाणावरच्या घोड्याशी तुलना करून काहीही हाती लागत नाही.

काय विकत घ्यायचं

आधी स्टेथोस्कोप आणि गुदद्वारात लावायचा डिजिटल थर्मामीटर घ्या. दोन्ही औषधांच्या दुकानात मिळतात. ठोके मोजणारा पट्टा खरं बोलतोय का हे या दोघांवरूनच कळतं, त्यामुळे हे नसताना पट्टा घेऊ नये.

मग पट्टा. मनगटी घड्याळाच्या पाठीवरचा ठोके मोजणारा हिरवा दिवा घोड्याच्या केसाळ अंगावर काम करत नाही. घोड्याला लागतात ते हृदयाचे विद्युत संकेत टिपणारे दोन इलेक्ट्रोड, एकमेकांपासून लांब बसवलेले. पोलार या फिनलंडच्या कंपनीचा घोड्यांसाठीचा पट्टा बरीच वर्षं वापरात आहे. माणसं छातीला लावतात तोच एच१० ट्रान्समीटर त्यावर बटणासारखा दाबून बसतो आणि त्यात सीआर२०२५ ही नाण्याएवढी बॅटरी लागते. फ्रान्सच्या आरिओनिओ कंपनीचं इक्विमीटर हे रेसच्या तबेल्यांसाठी बनवलेलं साधन ईसीजी, वेग आणि पावलांची लांबी एकत्र नोंदवतं. गार्मिनचं ब्लेझ शेपटीला गुंडाळतात, कारण शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला केस नसतात आणि तिथे प्रकाशाचा सेन्सर चालतो.

एक-दोन घोडे सांभाळणाऱ्याला महागड्या साधनाची गरज नाही. इलेक्ट्रोडचा पट्टा, त्याच्याशी जोडलं जाणारं जीपीएसचं घड्याळ आणि दोनशे पानी वही एवढ्यावर उत्तम काम होतं.

घड्याळाची मांडणी

इथे जवळपास प्रत्येक जण एकदा तरी फसतो. घड्याळ स्वाराच्या मनगटावर असतं, पट्ट्याशी जोडणी तुटली की ते गुपचूप स्वतःच्या हिरव्या दिव्यावर जातं आणि पुढची पंधरा मिनिटं स्वाराचेच ठोके घोड्याच्या नावावर नोंदवतं. आलेखात १३० ते १४०ची सपाट, सुंदर रेघ दिसते आणि घोडा फार तंदुरुस्त आहे असं वाटतं. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन मनगटावरचं मापन पूर्ण बंद करा.

ऑटो-पॉज बंद करा. घोडा थांबला की घड्याळ थांबलं, तर ठोके कसे उतरले ही सगळ्यात मोलाची नोंदच जाते. नोंदीचा वेग दर सेकंदाला एक असा ठेवा. बॅटरी वाचवणारा ‘स्मार्ट’ पर्याय नको. कमाल ठोके २३० भरा. माणसासाठीचं २२० वजा वय हे सूत्र घोड्याला लागू पडत नाही, आणि ॲप दाखवतं त्या कॅलरी, रंगीत झोन, ‘आज विश्रांती घ्या’ असले सल्ले माणसाच्या हिशेबाने काढलेले असतात. त्यांच्याकडे पाहूच नका.

घोड्याचं अंग म्हणजे पाण्याची मोठी भिंत आणि ब्लूटूथ पाण्यातून नीट जात नाही. ट्रान्समीटर खोगिराच्या डाव्या बाजूला पुढच्या कडीला अडकवा आणि घड्याळही डाव्या मनगटावर बांधा. ट्रान्समीटर डावीकडे आणि फोन उजव्या खिशात असला की रेघेत भोकं पडतात.

पट्टा बांधताना

दोन जागा लक्षात ठेवायच्या. पहिली डाव्या बाजूला वर, आयाळ संपते त्या उंचवट्याच्या, म्हणजे विदर्सच्या, हातभर खाली. इथला इलेक्ट्रोड खोगिराच्या पुढच्या भागाखाली दबून राहतो. दुसरी डाव्या कोपराच्या मागे चार बोटं, पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या तंगाखाली. पट्ट्यावर कोणतं टोक कुठे हे छापलेलं असतं, त्याप्रमाणेच लावा.

१. दोन्ही जागांवर खरारा आणि मग मऊ ब्रश फिरवा. वाळलेल्या घामाचं मीठ आणि लाल माती राहिली तर संपर्क मिळत नाही.

२. स्पंजने दोन्ही जागा भरपूर भिजवा. नुसतं केसांच्या टोकांवर पाणी मारून भागत नाही. बोटांनी केस उलटे करून कातडी ओली झाली पाहिजे. प्रत्येक जागेला पेलाभर पाणी सहज लागतं.

३. इलेक्ट्रोडवर सुपारीएवढा सोनोग्राफीचा जेल लावा. पहिली दहा मिनिटं घोड्याला घाम नसतो, तेव्हा तो जेलच कामी येतो. पुढे घाम स्वतःच संपर्क राखतो.

४. वरचा इलेक्ट्रोड सपाट ठेवून त्यावर नमदा, म्हणजे खोगिराखालची गादी, आणि खोगीर चढवा. त्याची वायर मुडपू देऊ नका. मुडपलेली वायर तासाभरात कातडीवर वळ उठवते, आणि घोडा पाठ आवळून चालायला लागला की आपण भलतीकडेच कारण शोधत बसतो.

५. तंग हळूहळू आवळा. खालचा इलेक्ट्रोड तंगाच्या बरोबर मध्ये हवा. कोपराच्या घडीत सरकला तर प्रत्येक पावलाला कातडी घासेल.

६. घोड्याला पाच मिनिटं तसंच उभं राहू द्या आणि आकडा स्थिर होतो का पाहा.

आता स्टेथोस्कोप. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, किंचित पुढे सरकवून लावा. घोड्याचा पुढचा डावा पाय अर्धं पाऊल पुढे घेतला की आवाज स्पष्ट येतो. ‘लब-डब’ या दोन आवाजांचा मिळून एक ठोका. नवशिका दोन्ही मोजतो आणि ३६चे ७२ करतो. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. पट्ट्याचा आकडा आणि कानाचा आकडा यांत तीन-चारपेक्षा जास्त फरक असेल तर जागा पुन्हा भिजवा. हा पडताळा पहिल्या महिन्यात रोज करायचा, नंतर आठवड्यातून एकदा.

खोटे आकडे ओळखणं

उभ्या घोड्याचा आकडा कानाने मोजल्याच्या बरोबर दुप्पट येत असेल, तर साधन एकाच ठोक्याचे दोन मोजतंय. घोड्याच्या ईसीजीत टी-लहर, म्हणजे ठोक्यामागून उमटणारी लहर, मोठी असते आणि काही साधनं तिलाच वेगळा ठोका समजतात. वरचा इलेक्ट्रोड दोन-तीन बोटं पुढे-मागे सरकवला की बहुधा फरक पडतो.

पहिल्या काही मिनिटांत अचानक २३०-२४०चे सुळके दिसतात आणि लगेच खाली येतात, तो बहुतेक वेळा कोरड्या केसांवर सिंथेटिक नमदा घासल्याचा परिणाम असतो. घाम आला की सुळके थांबतात. न थांबल्यास सुती नमदा वापरून पाहा. खरे ठोके असे चढ-उतार करत नाहीत. चढताना भरभर चढतात, पण उतरताना वळण घेत उतरतात. दोन सेकंदांत २३० वरून ९० वर आलेली रेघ खरी असू शकत नाही.

शून्य किंवा तुटक रेघ म्हणजे संपर्क गेला. हे नेमकं काम संपल्यावर होतं. स्वार उतरतो, सवयीने तंग दोन भोकं सैल करतो, खालचा इलेक्ट्रोड कातडी सोडतो आणि उतरत्या ठोक्यांची नोंद हवेत जाते. यावर उपाय सोपा आहे: तंग सैल केल्यावर मोतद्दाराने तळहाताने तो इलेक्ट्रोड दहा मिनिटं दाबून धरायचा.

आणि एक वेगळीच गोष्ट. निवांत उभ्या, तंदुरुस्त घोड्याचा एखादा ठोका मधूनच चुकतो. तीन-चार नियमित, मग एक रिकामी जागा, पुन्हा नियमित. घोड्यांत हे सर्रास आढळतं आणि चालायला लागलं की नाहीसं होतं. त्याने घाबरू नका. पण ठोक्यांना कसलाच ताल नसेल, विश्रांतीतही आणि हलक्या कामातही, शिवाय घोडा लवकर दमत असेल, तर हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा विकार असू शकतो. तेव्हा स्वारी थांबवून डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्यावा.

पहिले दहा दिवस: फक्त नोंद

या काळात काही सुधारायला जाऊ नका. पहाटे चंदी घालण्याआधी, झाडलोट सुरू होण्याआधी, मोतद्दाराने स्टेथोस्कोपने ठोके मोजून वहीत लिहायचे. बादल्यांचा आवाज ऐकूनच काही घोड्यांचे ठोके दहाने चढतात. सोबत श्वास मिनिटाला किती, तापमान किती, रात्रीची चंदी संपली का, हेही लिहा. विश्रांतीत २८ ते ४४ ठोके, ८ ते १६ श्वास आणि ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सियस ही सर्वसाधारण मर्यादा आहे. तुमच्या घोड्याचा स्वतःचा आकडा त्यात कुठेतरी बसेल आणि रोज दोन-तीनच्या फरकाने तोच राहील.

हा आकडा बांधला गेला की तोच पुढे पहारेकरी होतो. ३४ वर असणारा घोडा सलग दोन सकाळी ४२ दाखवत असेल तर त्या दिवशी काम नाही. ताप, दुखणं, पोटात कळ, पाणी कमी पिणं, आदल्या दिवशीचा जास्तीचा ताण, यांपैकी काहीतरी आहे आणि ते डोळ्यांना दिसायला अजून एखादा दिवस लागेल.

कामातले अंदाजही बांधून घ्या. स्वारासह मोकळ्या चालीत ६० ते ८०, ट्रॉटमध्ये (दुडकी चाल) ८० ते १४०, कँटरमध्ये (संथ दौड) १२० ते १७०, गॅलपला (चौखूर धाव) त्याच्या वर. या मर्यादा एवढ्या रुंद आहेत याला कारण आहे: वाळू, चढ, स्वाराचं वजन, शेजारून गेलेली घोडी, सगळ्याचा परिणाम ठोक्यांवर होतो.

टप्प्यांची चाचणी

दम वाढतोय की नाही हे कळण्यासाठी दर तीन आठवड्यांनी एकच चाचणी, एकाच जागेवर, दिवसाच्या त्याच वेळी, त्याच स्वाराला घेऊन करायची. चंदी खाऊन तीन-चार तास झालेले असावेत. आदल्या दिवशी हलकं काम. नव्याने नाल मारले असतील तर दोन दिवस थांबा.

सपाट, ठोकर न लागणारा रस्ता किंवा मोठी धावपट्टी निवडा आणि दर २०० मीटरवर चुन्याने खूण करा. जीपीएस वेग दाखवत असलं तरी झाडांखाली आणि वळणांवर ते चुकतं. खुणेवर घड्याळ पाहणं जास्त भरवशाचं. दहा मिनिटं चाल आणि आठ मिनिटं हलका ट्रॉट झाल्यावर तीन टप्पे, प्रत्येकी तीन मिनिटं, मध्ये न थांबता:

पहिला टप्पा मिनिटाला २५० मीटर, म्हणजे २०० मीटरला ४८ सेकंद. दुसरा ३५० मीटर, २०० मीटरला ३४ सेकंद. तिसरा ४५० मीटर, २०० मीटरला २७ सेकंद. काठेवाडी किंवा मारवाडी घोडा, किंवा कोणताही अजून कच्चा घोडा असेल तर २००, २७५ आणि ३५० घ्या. तेव्हा २०० मीटरला अनुक्रमे ६०, ४४ आणि ३४ सेकंद. मधल्या टप्प्यातच ठोके १८०च्या वर गेले तर तिसरा टप्पा करू नका.

प्रत्येक टप्प्याच्या फक्त शेवटच्या मिनिटाची सरासरी धरायची. वेग वाढला की घोड्याचे ठोके आधी गरजेपेक्षा वर उडी मारतात आणि मिनिट-दोन मिनिटांत खाली येऊन स्थिरावतात. पहिली उडी धरली तर चाचणी फुकट जाते.

आता आलेखाचा कागद. आडव्या रेषेवर वेग, उभ्या रेषेवर ठोके. समजा आकडे आले २५०ला ११२, ३५०ला १३२, ४५०ला १५३. तीन ठिपक्यांमधून पट्टीने सरळ रेघ ओढा आणि ती १५० ठोक्यांना कुठे छेदते ते पाहा: सुमारे ४३६ मीटर. हा झाला व्ही१५०, म्हणजे १५० ठोक्यांवर घोडा किती वेगाने जाऊ शकतो. सहा आठवड्यांनी तेच टप्पे १०६, १२५, १४३ आले तर रेघ १५०ला ४८७च्या जवळ छेदेल. हृदयाच्या तेवढ्याच कष्टात मिनिटाला ५० मीटर जास्त. ही खरी प्रगती.

रेसच्या घोड्यांसाठी व्ही२०० वापरतात, म्हणजे २०० ठोक्यांवरचा वेग. उड्यांच्या किंवा एन्ड्युरन्सच्या घोड्याला तिथवर नेण्याचं कारण नाही, आणि १५३ वर थांबलेली रेघ कागदावर २००पर्यंत लांबवून काढलेला आकडा भरवशाचा नसतो. घोड्याचे कमाल ठोके सरावाने वाढतही नाहीत आणि कमीही होत नाहीत, त्यामुळे ‘किती वर गेला’ यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही.

उतरते ठोके

एकच गोष्ट मोजायची ठरली तर ही मोजा. काम थांबल्यापासून १, २, ५ आणि १० मिनिटांनी किती ठोके आहेत, एवढे चार आकडे. मध्यम कामानंतर तयार घोडा दोन मिनिटांत १००च्या खाली आणि दहा मिनिटांत ६४च्या खाली येतो. पहिल्या मिनिटातली मोठी घसरण जवळपास प्रत्येक घोड्यात दिसते, तिच्यावरून फार कळत नाही. पाचव्या आणि दहाव्या मिनिटाचा आकडा बोलका असतो. उष्णता, पाण्याची कमतरता, दुखणं, सगळं तिथे अडकून बसतं.

दर वेळी पद्धत एकच ठेवा. पहिली दोन मिनिटं हातात धरून चालवायचं, मग सावलीत उभं करायचं. एक दिवस चालवत आणि दुसऱ्या दिवशी उभं करून मोजलं तर आकडे जुळणार नाहीत, कारण नुसत्या चालीतही २०-३० ठोके जास्त असतात.

एन्ड्युरन्समध्ये हीच मोजणी स्पर्धेचा निकाल ठरवते. एफईआय या आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या नियमांनुसार व्हेट गेटवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, आल्यापासून १५ मिनिटांत ठोके ६४ किंवा त्याखाली यावे लागतात. तिथले डॉक्टर आणखी एक परीक्षा घेतात, ती घरी जरूर करावी. ठोके मोजा. घोड्याला हाताने ३८ मीटर दुडक्या चालीत नेऊन परत आणा. निघाल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजा. दुसरा आकडा पहिल्याएवढा किंवा कमी आला तर ठीक. चार किंवा जास्त ठोक्यांनी वाढला असेल तर घोडा वरून ताजा दिसला तरी आतून दमलेला किंवा दुखावलेला आहे.

टप्प्याटप्प्याचा सराव करतानाही लगाम याच आकड्यांच्या हाती द्या. उदाहरणार्थ मिनिटाला ३५० ते ४०० मीटरने चार मिनिटं, मध्ये तीन मिनिटं चाल, असं तीनदा. पुढची फेरी ठोके ११०च्या खाली आल्यावरच सुरू करायची. तीनच्या पाच मिनिटं झाली तरी येत नसतील तर त्या दिवशीचं काम तिथे संपलं, मग वेळापत्रकात काहीही लिहिलेलं असो. असा सराव आठवड्यातून दोनदा पुरे. बाकीच्या दिवशी १२० ते १५० ठोक्यांत राहणारं लांब, संथ काम करा. दमाचा पाया त्यातूनच बांधला जातो.

उड्यांच्या घोड्याबद्दल एक वेगळी सूचना. कोर्स, म्हणजे अडथळ्यांची एक फेरी, मिनिट-दीड मिनिटाचा असतो आणि वेग साधा कँटरचा, तरी ठोके १८०-२००वर जातात. प्रत्येक उडीत मागच्या पायांचे स्नायू जो धक्का देतात तो प्राणवायूवाचूनच्या ताकदीवर चालतो. म्हणून कोर्समधल्या चढलेल्या ठोक्यांची टप्प्यांच्या चाचणीशी तुलना करू नका. कोर्सची तुलना कोर्सशीच, तीही त्याच उंचीच्या अडथळ्यांच्या.

ऊन आणि दमट हवा

काम करणारा घोडा उन्हात तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो, आणि तो घाम रक्तापेक्षा खारट असतो. सोप्या अंदाजासाठी हवेचं तापमान फॅरनहाइटमध्ये घेऊन त्यात आर्द्रतेची टक्केवारी मिळवा. बेरीज १३०च्या खाली असेल तर अडचण नाही. १५०च्या वर काम कमी करा आणि थंड करायची तयारी आधी ठेवा. १८०च्या वर काम नाहीच. मे महिन्यात मुंबईत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता म्हणजे ९० अधिक ७५, १६५. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के असेल तर बेरीज १२० येते, पण त्यावर विसंबू नका. कोरड्या उन्हात घाम दिसण्याआधीच वाळतो आणि घोडा किती पाणी गमावतोय हे कळत नाही. पहाटेचंच काम बरं.

अशा दिवशी त्याच वेगाला ठोके १० ते १५ने जास्त दिसतील. त्याला दम कमी झाला म्हणू नका. रक्त स्नायूंकडेही जातंय आणि अंग थंड करायला कातडीकडेही. वहीत प्रत्येक नोंदीसोबत तापमान आणि आर्द्रता लिहिण्याचं कारण हेच.

काम संपल्यावर तापमान ४०च्या वर असेल तर डोक्यामागून शेपटीपर्यंत आणि पोटाखाली सतत गार पाणी ओता. थांबून निथळत बसण्याची गरज नाही, ओतत राहा. तापल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की स्नायू आखडतात, ही तबेल्यांतली जुनी समजूत निराधार आहे आणि ती पाळण्याने घोडे उष्माघातात सापडतात. प्यायलाही पाणी द्या. ४१ अंशांवर तापमान अडकून राहिलं तर पाणी ओतणं न थांबवता डॉक्टरांना बोलवा. ५०० किलोच्या काम करणाऱ्या घोड्याला रोज ५०-६० ग्रॅम साधं मीठ चंदीतून लागतं. ते द्यायचं तर समोर भरलेली बादली हवीच.

कोकणच्या किनारपट्टीवर आणि मुंबईत आणखी एका गोष्टीवर डोळा ठेवा. काही घोड्यांचा घाम दमट उन्हाळ्यात हळूहळू आटतो. काम झाल्यावर मान आणि कुशी कोरड्या, फक्त खोगिराखाली ओल, श्वास भाता चालावा तसा आणि दहाव्या मिनिटालाही ठोके ९०च्या घरात. पट्टा हे दोन-तीन आठवडे आधी दाखवतो, कारण दहाव्या मिनिटाचा आकडा रोज थोडा थोडा वर सरकत असतो. अशा घोड्याचं काम लगेच कमी करून त्याला वारा लागेल अशा जागी हलवावं.

काळीज पुढे, पाय मागे

आता सगळ्यात महत्त्वाचं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. स्नायूंना तीन-चार महिने लागतात. कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि सांध्यांचे बंध सहा महिने ते वर्ष घेतात, हाडं त्याहूनही सावकाश. पट्टा यातलं फक्त पहिलं पाहतो. रेसवरून आलेल्या घोड्याचा व्ही१५० दोन महिन्यांत सुरेख वाढतो, स्वार उत्साहाने वेग वाढवतो आणि तिसऱ्या महिन्यात पुढच्या पायाची कंडरा सुजते. आकडे तेव्हाही छानच असतात.

म्हणून रोज सकाळी, पट्टी बांधण्याआधी, दोन्ही पुढच्या पायांच्या गुडघ्याखालच्या नळीमागून हात फिरवा. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत कंडरा धरून वरपासून खालपर्यंत सावकाश. एका पायात दुसऱ्यापेक्षा किंचित ऊब, दोरीसारख्या कडक कंडरेत कुठे लोण्यासारखी मऊ जागा, दाबल्यावर घोड्याने पाय उचलणं, यातलं काहीही जाणवलं तर वहीत पाय आणि जागा लिहा आणि कँटर बंद ठेवा. हे काम ज्याच्या बोटांना त्या घोड्याची सवय आहे त्या मोतद्दाराइतकं चांगलं कोणतंही यंत्र करत नाही.

पावलांचा सेन्सर असेल तर त्याचा उपयोग इथे आहे. डाव्या-उजव्या पावलांतला फरक, पावलाची लांबी, मिनिटाला किती पावलं, हे सगळं सरळ रेषेत, एकाच जमिनीवर, ट्रॉटमध्ये मोजा. वर्तुळात फिरताना निरोगी घोडाही असमान चालतो. एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नका. तीन सलग दिवशी फरक एकाच बाजूला वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि ज्या घोड्याची चाल बदलली नाही पण त्याच वेगाला ठोके अचानक दहा-बाराने वाढले आहेत, हवा तीच, जमीन तीच, सकाळचा विश्रांतीचा आकडा तोच, त्याचे पाय आणि पाठ आधी तपासा. दुखणं लंगडण्याच्या आधी ठोक्यांत उमटू शकतं.

आकडा बिघडला तर कोणत्या क्रमाने पाहायचं

आधी स्टेथोस्कोप, म्हणजे साधनाची चूक बाजूला पडते. मग हवा: बेरीज कितीची होती? मग घाबरणं. भीतीने किंवा उत्तेजनेने चढलेले ठोके दचकल्यासारखे वर जातात आणि घोडा शांत झाला की मिनिटभरात उतरतात. दमाचे, दुखण्याचे किंवा तापाचे चढलेले राहतात. मग सकाळचं तापमान आणि विश्रांतीचे ठोके. मग पाय, पाठ, खोगिराखालची जागा, नालांचे खिळे. मग पाणी: मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, दोन सेकंदांत सपाट झाली नाही तर पाणी कमी पडलंय. हिरडी बोटाने दाबा, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी.

काम झाल्यावर कुशी हृदयाच्या ठोक्याबरोबर उचक्या दिल्यासारखी उडत असेल, मागचे स्नायू लाकडासारखे कडक होऊन घोडा पाऊल टाकत नसेल, किंवा लघवी कॉफीच्या रंगाची झाली असेल, तर आकडे पाहत बसू नका. घोड्याला हलवू नका आणि डॉक्टरांना तिथेच बोलवा.

डॉक्टरांना दाखवताना ॲपचा रंगीत स्क्रीनशॉट त्यांच्या फार कामाचा नसतो. पूर्ण फाइल सेकंदा-सेकंदाच्या आकड्यांसह पाठवा. सोबत गेल्या तीन आठवड्यांची सकाळची नोंद, शेवटच्या दोन चाचण्यांचे आलेख, आणि घोडा सरळ रेषेत ट्रॉटमध्ये जाताना व येताना बाजूने व मागून काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ द्या.

पट्ट्याची देखभालही थोडी आहे. प्रत्येक वापरानंतर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, ट्रान्समीटर काढून ठेवा. तो बटणांवर लागलेला राहिला आणि ओल असली की बॅटरी नुसतीच संपत राहते. पावसाळ्यात बटणांवर हिरवट थर चढतो, तो जुन्या टूथब्रशने काढा. बॅटरी बदलताना झाकणाची रबरी रिंग नीट खाचेत बसली आहे ना ते पाहा. ती वाकडी राहिली की पहिल्याच घामात ट्रान्समीटरमध्ये पाणी शिरतं. तंगाखालची कातडी महिनाभर रोज पाहा. केस तुटायला लागले असतील तर चार दिवस पट्टा नको, तोवर स्टेथोस्कोप आहेच.